दोनशे बारा घरं आणि एक उडती गाडी

उडत्या गाडीबद्दल तुमचं मत काय, असं विचारायला केसरबाई हिवराळे माझ्या दुकानात आल्या, तेव्हा मी हातातलं काम सोडून हसत सुटलो. उस्मानपुऱ्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि केसरबाईंचं घर मागच्याच गल्लीत. त्यांना मी तीस वर्षं ओळखतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात टॅब आणि काखेत दोनशे पानी वही अशा त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

"हसून झालं असंल तर सांगा," त्या म्हणाल्या. "एका माणसाला बसता येईल अशी गाडी. आठ पंखे. घराच्या गच्चीवरून उडणार. तुम्ही ती वापरायला किती उत्सुक आहात?"

मी म्हणालो, "बाई, आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. आधी ते पाणी गच्चीवरच्या टाकीपर्यंत उडवून दाखवा म्हणावं, मग माणसाचं बघू."

त्यांनी ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या दुकानात गेल्या.

केसरबाईंनी साठी ओलांडली होती. चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे मालक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते, ते बारा वर्षांपूर्वी गेले. एकुलती मुलगी विशाखा लग्न होऊन जालन्याला. या शहरात घरोघर जाऊन जे जे काही विचारायचं असतं, ते सगळं केसरबाईंनी विचारून झालेलं होतं. पोलिओचा डोस दिला का, घरात संडास आहे का, माणसं किती, खोकला-ताप कुणाला. दार उघडणारा माणूस खरं सांगतोय की टाळतोय, हे त्यांना चपला काढायच्या आत कळायचं.

आणि ऐकलं तेच लिहायचं, ही त्यांची सवय. तिच्यामागं एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदा सांगितली होती. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वस्तीतल्या फकिरा नावाच्या मजुराची पोरगी फार अशक्त होती. वरच्या बाई म्हणाल्या, "वजन अर्धा किलो वाढवून लिहा, आपला सगळा विभाग खराब दिसतो." केसरबाईंनी लिहिलं. कागदावर पोरगी सुधारली आणि जादा आहाराच्या यादीतून तिचं नाव उडालं. महिन्याभरानं तिची आई अंगणवाडीच्या दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, वजन वाढलं म्हणता, मग ही उठून बसत का नाय?" त्या दिवशी केसरबाईंनी खरं वजन लिहून वर पाठवलं, मेमो घेतला आणि पोरीला यादीत परत बसवलं. पोरगी वाचली. पण दुसऱ्याच्या घरातलं काही आपल्या मनानं लिहायचं नाही, ही गाठ तेव्हाची.

अशा बाईला त्या आकाशझेप मोबिलिटी नावाच्या कंपनीनं घरं विचारायला नेमलं, यावरूनच कंपनीला माणसांची पारख किती होती ते दिसतं.

कंपनी पुण्याची. इथला साहेब सत्यम नावाचा, तिशीच्या आतबाहेर, पांढरे बूट घालणारा. हे बूट पांढरे राहायचे, कारण तो आपल्या कारमधून खाली उतरायचाच नाही. जालना रोडवर दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं होतं. तिथं त्यानं केसरबाईंसह सहा बायकांना बसवून भिंतीवर चित्रं दाखवली. निळं आकाश, त्यात नारिंगी रंगाची गाडी, गाडीत टाय लावलेला गोरा माणूस, खाली कुठलंतरी परदेशी तळं. "हे तुमचं शहर, पाच वर्षांनंतर," तो म्हणाला. केसरबाईंनी विचारलं, "हे तळं कुठं काढणार?" बाकीच्या बायका खाली बघून हसल्या. सत्यमनं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

टॅबवर चौदा प्रश्न होते. प्रत्येकाखाली चार उत्तरं. खूप उत्सुक, उत्सुक, थोडे उत्सुक, अजून ठरवलेले नाही. केसरबाईंनी चौदाही प्रश्न वरखाली करून पाहिले.

"साहेब, यात 'नको' कुठंय?"

"मॅडम, आपण निगेटिव्ह विचारत नाही. लोकांना स्वप्न द्यायचंय."

"आणि कुणी नको म्हणलं तर?"

"मग 'अजून ठरवलेले नाही' दाबा."

म्हणून ती वही आली. टॅबवर बाई सांगितलेलं बटण दाबायच्या, आणि माणूस खरोखर काय बोलला ते वहीत लिहायच्या. पुढं त्या वहीची झेरॉक्स मीच काढली, त्यामुळं मला ती जवळजवळ पाठ आहे.

उस्मानपुऱ्यातले सर्जेराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, म्हणाले होते, "ज्या शहरात स्कूटर लावायला जागा नाही, तिथं हे विमान मी कुठं लावू? डोक्यावर?" गच्चीवर कुरडया घालणाऱ्या मंजुषानं सांगितलं होतं, "आधीच समोरच्या बिल्डिंगमधून लोक डोकावतात. आता वरून बी डोकावणार. माझ्या पोरीनं कपडे वाळत घालायचे कुठं?" एका गॅरेजवाल्यानं हात पुसत विचारलं होतं, "चलते चलते बंद पड गई तो ढकलेगा कौन, मौसी? नीचे तो रस्ता बी नै रहता." चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीजवळ राहणारा राजकुमार म्हणाला होता, "आम्हाला दुसरा मजला बांधायची परवानगी देत नाहीत, विमानाला अडचण होते म्हणून. आणि ह्यांना आमच्या डोक्यावरून फिरायची परवानगी?"

एकानंही आदर दाखवला नव्हता. आमच्या शहराची आजवर इतकी स्वप्नं विकली गेलीत, की नवं स्वप्न घेऊन कुणी दारात आलं तर माणसं आधी त्याच्या पायांकडं बघतात, हा परत कसा पळणार ते जोखायला.

ग्रामीण नमुना म्हणून वीस घरं देवगाव रंगारीत करायची होती. केसरबाईंच्या बहिणीचं सासर तिकडचं, म्हणून ते गाव त्यांनी मागून घेतलं. तिथंही तोच प्रकार. रामकिसन नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना बांधावर नेऊन जागा दाखवली, "फवारणीचं ड्रोन आलं व्हतं मागच्या साली, ते हितं तुरीत पडलं. ते तर रिकामं व्हतं. त्याच्यात मी असतो म्हंजी?" आजूबाजूची माणसं हसली. बाईंनी तेही लिहिलं.

मग भागूबाईंचं घर आलं. बाजेवर त्यांचे मालक कारभारी पडून होते. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कठड्यावरून पडून त्यांचा कणा मोडला होता, कमरेखाली काही हलत नव्हतं. पाठीला जखमा झालेल्या. त्या दाखवायला दर पंधरा दिवसांनी त्यांना पिकअपमध्ये गादीवर झोपवून शहरात आणावं लागायचं, आणि मुलगा सोमनाथ गाडी कितीही हळू चालवो, प्रत्येक खड्ड्याला ते ओरडायचे.

भागूबाईंनी सगळे प्रश्न ऐकून घेतले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वर खड्डे नसत्यात ना?"

"नसतात," केसरबाई म्हणाल्या.

"मंग पायजे. त्याच्यात माणूस आडवा निजवता येतो का, तेवढं इचारा. मी संगं नाय आले तरी चालंल."

केसरबाई मला सांगत होत्या, "इतक्या घरांत फिरले, लोकांबरोबर मी बी मनातून हसत होते. त्या बाईनं विचारलं अन् माझी मलाच लाज वाटली." टॅबवर त्यांनी 'खूप उत्सुक' दाबलं. सगळ्या कामात ते बटण त्यांनी तेवढं एकदाच दाबलं. संध्याकाळी सत्यमला फोन करून विचारलं, गाडीत आडवं झोपता येतं का. तो म्हणाला, "मॅडम, ही पर्सनल व्हेइकल आहे, ॲम्ब्युलन्स नाही. आपला ग्राहक बसलेला असतो."

डिसेंबरात कंपनीनं जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम ठेवला. शहरातले बिल्डर, डॉक्टर, कारखानदार, त्यांच्या बायका, सगळे आले. मंचावर गाडीचा नारिंगी सांगाडा ठेवला होता. पंखे खरे होते, आत इंजिन नव्हतं. त्यात बसून फोटो काढायला रांग लागली होती. शहाणीसुरती माणसं, मुलांची लग्नं झालेली, एकमेकांना कोपरानं ढकलत होती. एका बिल्डरनं विचारलं, गच्चीवर उतरायची सोय केली तर फ्लॅटचा भाव वाढेल का. एका बाईंनी विचारलं, "याला ड्रायव्हर ठेवता येतो का?" एकाच माणसाच्या गाडीत ड्रायव्हर ठेवला तर बाईंनी बसायचं कुठं, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. मी केसरबाईंबरोबर गेलो होतो, मागच्या रांगेत बसून बघत होतो, आणि मला गॅरेजवाल्याची फार आठवण येत होती. त्याला निदान यंत्र म्हणजे काय ते कळतं.

मग पडद्यावर आकडा आला. सत्त्याऐंशी टक्के नागरिक उड्डाणासाठी अनुकूल. टाळ्या पडल्या. 'अजून ठरवलेले नाही' म्हणणारे सगळे सत्यमनं अनुकूलमध्ये धरले होते. ठरवलेलं नाही म्हणजे विरोध नाही, असा हिशेब. उरलेले तेरा टक्के म्हणजे ज्यांनी दारच उघडलं नव्हतं ते.

त्यानंतर घरोघर फिरलेल्या बायकांचा सत्कार झाला. केसरबाई वयानं मोठ्या म्हणून त्यांना शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. त्यांना भाषणाची सवय नव्हती. वही त्यांनी पिशवीतून काढली, चष्मा लावला आणि अंगणवाडीतल्या मुलांशी बोलायच्या त्या सुरात बोलल्या.

"लोकांना ही गाडी पाहिजे, असं तुमच्या पडद्यावर आहे. मी दोनशे बारा घरं फिरले. पाहिजे म्हणणारं एक घर निघालं, आणि त्यांना पाहिजे तशी गाडी तुम्ही बनवलेली नाही. बाकीचे काय म्हणाले ते वाचते."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सर्जेराव, मंजुषा, गॅरेजवाला, रामकिसन. नावं न घेता, एकेक वाक्य. मला वाटलं, आता सभागृह गप्प होईल. तसं काही झालं नाही. लोक हसायला लागले. आधी थोडे, मग पोट धरून. तूर आणि ड्रोनच्या वाक्यावर तर टाळ्या मिळाल्या. ज्यांची थट्टा चालली होती तेच हसत होते, कारण थट्टा आपली चाललीय हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, अडाणी लोकांची गंमत सांगतायत बाई. सत्यम पुढं येऊन म्हणाला, "किती ऑथेंटिक," आणि माईक काढून घेतला. कारभारींपर्यंत बाई पोचल्याच नव्हत्या.

चार दिवसांनी जालन्याहून विशाखाचा फोन आला. "आई, तू जाहिरातीत काम केलंस?" तिनं पाठवलेला व्हिडिओ केसरबाईंनी माझ्या दुकानात येऊन पाहिला. शाल पांघरलेल्या केसरबाई, मागं संगीत, आणि त्या सरळ कॅमेऱ्याकडं बघून म्हणतायत, "लोकांना ही गाडी पाहिजे. मी दोनशे बारा घरं फिरले." मधले शब्द आणि पुढचं सगळं कापलेलं. खाली लिहिलेलं होतं, मातीतला आवाज.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली होती त्या सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ पोचला. सर्जेराव रस्त्यात थांबवून म्हणाले, "काय बाई, विमानतळावर सोडायचं का आज?" ते थट्टेत होतं. मंजुषा थट्टेत नव्हती. ती दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मी असं म्हणले होते का? माझ्या पोरीचं नाव घेऊन मी तुम्हाला सांगितलं होतं." आणि दार लोटून घेतलं. चौतीस वर्षांत केसरबाईंवर खोटं लिहिल्याचा आळ कुणी घेतला नव्हता.

त्यांनी सत्यमला फोन लावला. मी समोरच होतो, स्पीकर चालू होता.

"माझं वाक्य तोडलंय तुम्ही. ते पूर्ण लावा, नाहीतर काढून टाका."

"मॅडम, त्याला एडिटिंग म्हणतात. लोकांना तुम्ही आवडलात. तीन लाख लोकांनी पाहिलंय."

"तीन लाख लोकांत मी खोटी ठरले."

"तुम्ही टॅबवर सही केली होती ना? त्यात सगळं आहे. तो कंटेंट आता आमचा आहे."

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून जालना रोडच्या ऑफिसात नेलं. दाराला कुलूप होतं. खालचा वॉचमन तंबाखू मळत म्हणाला, "वो लोगां तो गए, मौसी. परसों टेबल-कुर्स्यां बी ले गए. नागपूर जाते बोल रहे थे." आत भिंतीवर ते निळं तळं अजून चिकटवलेलं होतं, काचेतून दिसत होतं. इथं कुणाला गाडी विकायचीच नव्हती. इथला सत्त्याऐंशीचा आकडा दाखवून दुसऱ्या शहरात पैसेवाले शोधायचे होते. असल्या माणसांना मी नुसते लबाड म्हणत नाही. लबाडाला निदान समोरच्याचा अंदाज असावा लागतो. यांना समोर माणूस आहे हेच दिसत नाही.

मी म्हणालो, "सोडा बाई. लोक महिन्याभरात विसरतील."

"लोक विसरतील," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या घरात बसून लिहून घेतलंय."

वहीच्या पानांची झेरॉक्स त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि कात्रीनं प्रत्येक उत्तर वेगळं कापलं. मग पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. दार वाजवायचं, चिठ्ठी हातात द्यायची आणि सांगायचं, "तुम्ही हे म्हणाला होता. कंपनीनं वेगळं दाखवलं. मी बदललेलं नाही. हे तुमचं तुमच्याकडं ठेवा." संक्रांतीच्या आधी त्या निघाल्या, होळी आली तरी फिरत होत्या. गुडघा दुखायचा म्हणून दिवसाला चार-पाच घरं.

आणि खरंच लोक विसरले होते. "कोणतं विमान?" असं विचारणारे निम्म्याहून जास्त. कुणी चिठ्ठी वाचून आपल्याच वाक्यावर खूश झालं, कुणी न वाचता फ्रीजवर ठेवली. राजकुमारनं तर त्यांना जनगणनेवाल्या समजून रेशनकार्ड आणून दाखवलं. मंजुषानं मात्र चिठ्ठी दोनदा वाचली, त्यांना आत बोलावलं, आणि कुरडया तळायला घेतल्या.

मी या सगळ्याला मनातून वेडेपणा म्हणत होतो. एकदा त्यांना तोंडावर म्हणालोही. माझी चिठ्ठी त्यांनी काउंटरवर ठेवली होती, नळाच्या पाण्याची. ती वाचली तेव्हा मला माझं वाक्य तितकंसं हुशारीचं वाटलं नाही. एका बाईनं घरोघर फिरून घामानं गोळा करावं असं त्यात काही नव्हतं. मी फक्त बोलून मोकळा झालो होतो, शहरातल्या इतर दोनशे जणांसारखा.

देवगाव रंगारी त्यांनी शेवटी ठेवलं. तिकडं मी बरोबर नव्हतो, जे झालं ते त्यांनी सांगितलं ते असं.

बहिणीकडं चार दिवस मुक्काम करून त्यांनी एकोणीस चिठ्ठ्या दिल्या आणि शेवटच्या दुपारी त्या भागूबाईंकडं गेल्या. कारभारी बाजेवर झोपले होते. भागूबाई अंगणात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. केसरबाईंना बघताच त्यांनी हात झटकले, आत जाऊन पाणी आणलं आणि म्हणाल्या, "आलात. मी सोमनाथला म्हणलंच व्हतं, बाई निरोप घेऊन येतील. काय म्हणले मंग? निजवता येतं?"

इथं चिठ्ठीचा उपयोग नव्हता. केसरबाईंनी ती पिशवीतून काढलीच नाही.

"नाही येत. बसूनच जावं लागतं. आणि ती गाडी इकडं यायची नाही. ते लोक गेले निघून."

भागूबाईंनी परत कणीस हातात घेतलं. ते पूर्ण सोलून टोपलीत टाकलं. दुसरं घेतलं. आवाज न चढवता, केसरबाईंकडं न बघता त्या म्हणाल्या, "मंग इचारायला कशाला आला व्हतात?"

"मला कंपनीनं पाठवलं होतं," हे केसरबाईंच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण दारात कंपनी नव्हती आली, त्या आल्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

बाजेवर कारभारी कण्हले, तशा भागूबाई उठल्या आणि एका बाजूनं त्यांच्या पाठीखाली हात घालू लागल्या. कुशीवर वळवायचं होतं, एकटीला जमत नव्हतं. केसरबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघींनी मिळून त्यांना हळू, धक्का न लागता वळवलं. मग भागूबाईंनी पाठीखालची चादर ओढून सरळ केली आणि केसरबाईंनी तिचं दुसरं टोक खोचलं.